आवाजाचं बिऱ्हाड

कॉम्प्युटरच्या पेटीतून टकटक ऐकू यायला लागली आणि रावजींच्या तोंडचं पाणी पळालं. घशाच्या ऑपरेशनआधी रोज सकाळी बसून त्यांनी या यंत्रात आपला आवाज भरून ठेवला होता. आता ते टाइप करायचे आणि यंत्र त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच कोऱ्हाळे गावच्या हेलात बोलायचं. तो सगळा आवाज ज्या हार्ड डिस्कवर होता, ती मरायला टेकली होती. दुसरी प्रत कुठंच नव्हती.

सून प्रगतीनं बारामतीहून नवी डिस्क आणून जोडली आणि पदर खोचून ती कीबोर्डपुढं बसली. रावजींचं जे काही आत होतं ते ‘होम’ नावाच्या एका फोल्डरमध्ये होतं. तेवढं बिऱ्हाड जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर हलवायचं होतं.

रावजींच्या बायकोला, सिंधुबाईंना, यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांच्यावाचून काम अडत होतं. रावजी सुनेशी थेट बोलत नसत. घशात आवाज होता तेव्हाही जे काही असेल ते ‘तिला म्हणावं’ असं बायकोमार्फतच जायचं, यंत्र आल्यावरही तेच. आज यंत्र कामात अडकलं म्हणून ते नात छकुलीच्या पाटीवर प्रश्न लिहीत आणि पाटी सिंधुबाईंना देत. सिंधुबाईंचा चष्मा फुटलेला. त्या पाटी प्रगतीला देत. प्रगती वाचून उत्तर सासूला सांगे. हातभर अंतरावर बसलेले रावजी ते ऐकत, पण सिंधुबाईंनी तेच पुन्हा सांगितल्याशिवाय मान हलवत नसत. सिंधुबाईंना हसू यायचं, पण रीत ती रीत.

प्रगतीची एकच अट होती. शेतीची थ्री फेज वीज आली की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू होते, घरातल्या विजेचा दाब पडतो आणि कॉम्प्युटर बंद होतो. तेव्हा मोटारीचा ऑटो स्विच आधी बंद करून या, असा निरोप गेला. रावजी विहिरीवर जाऊन आले आणि त्यांनी मान हलवली.

फोल्डरची नक्कल सुरू झाली. सिंधुबाई सुनेच्या हाताकडं बघत राहिल्या. बटण दाबण्याआधी ती प्रत्येक ओळ दोनदा वाचत होती. रोप लावताना मुळाची माती सुटू न देणारा एखादीचा हात असतो, तसा तिचा हात होता. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. सिंधुबाईंना तिचं फार कौतुक वाटलं.

तेवढ्यात पंखा मंदावला आणि पडदा काळा झाला. विहिरीकडून मोटारीचा आवाज येऊ लागला.

रावजींनी मान खाली घातली, त्यावरूनच सगळं कळलं. मिरचीला पाण्याची पाळी होती. ऑटो बंद करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, म्हणून ते नुसतेच फिरून आले होते. दुसरी कुणी असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. प्रगती वाकून डिस्कच्या वायरी तपासू लागली.

“गेला का गं आवाज?” सिंधुबाईंनी विचारलं.

“न्हाय, आत्या. मी त्यो उचलला न्हाय, नुसती नक्कल काढतीय. नवं नीट नांदाय लागल्याबिगर जुन्याला हात लावायचा न्हाय. फकस्त ही जुनी डिस्क आजूक एकदा उठाय पायजे.”

उठेल की नाही, हे तिलाही माहीत नव्हतं. तिनं ते लपवलंही नाही.

रावजी चप्पल न घालताच विहिरीवर धावले आणि मेन स्विच पाडून आले. पंख्यानं पुन्हा वेग धरला. प्रगतीनं कॉम्प्युटर सुरू केला. टकटक झाली, थांबली, पुन्हा झाली. मग पडदा उजळला. नक्कल जिथं तुटली होती तिथून पुढं सरकू लागली. ती पुरी झाल्यावर प्रगतीनं जुन्यातली एकेक फाइल नव्यातल्या फाइलीशी ताडून पाहिली. रावजींचं ‘होम’, म्हणजे घर, आता नव्या डिस्कवर आहे, असं यंत्राला सांगितलं. जुनं फोल्डर मात्र पुसलं नाही, नाव बदलून तसंच ठेवलं. एवढं झाल्यावर ती उठून बाजूला उभी राहिली आणि रावजींनी येऊन आवाज तपासावा, असं तिनं सासूला सांगितलं.

रावजी बसले. त्यांनी बराच वेळ टाइप केलं, मधेच थोडं पुसलं, पुन्हा लिहिलं आणि बटण दाबलं.

“प्रगती,” यंत्रातून रावजींचा जुना, भरदार आवाज आला, “आटू मी मुद्दामच चालू ठिवला हुता. चुकलं माझं. तू हायेस म्हणून मी बोलतोय.”

सिंधुबाई सवयीनं निरोप द्यायला सुनेकडं वळल्या. प्रगतीचे डोळे भरून आले होते. निरोप पोचला होता.