खालचा आकडा

"विझला! कालो, माझा मीम्मो विझला!"

आगातिना मावशीची किंकाळी ऐकून कालोजेरोच्या हातातला झाडू गळून पडला. भर दुपारी चर्चमध्ये त्या दोघांखेरीज कुणी नव्हतं. बाकीच्या बायका धक्क्यावर, तटरक्षक दलाच्या कचेरीसमोर बसून होत्या. तो धावत नवसाच्या दिव्यांच्या मांडणीपाशी पोचला, तोवर मावशीचा दिवा पुन्हा लागलाही होता.

"जळतोय की, मावशी. बघा ना."

"आत्ता जळतोय. मघाशी विझला होता. काळा ठिक्कर. या डोळ्यांनी बघितलं मी."

ती खोटं बोलत नव्हती. मेणबत्त्यांच्या काजळीनं छतावरच्या देवदूतांची तोंडं काळी पडली, म्हणून पाद्रीबाबांनी वर्षापूर्वी हे एलईडीचे दिवे बसवून घेतले. नवस बोलायचा नि दिव्याखालचं बटण दाबून तो लावायचा. बंदरावर बोटींचे रेडिओ दुरुस्त करणारा कालोजेरो चर्चची झाडलोटही बघायचा, तेव्हा काम त्याच्याच गळ्यात पडलं. दिवे खऱ्या ज्योतीसारखे हलावेत म्हणून त्यानं मागच्या कंट्रोलरला सांगून ठेवलं होतं: प्रत्येक दिव्यासाठी शून्य ते दोनशे पंचावन्नमधला कुठलाही आकडा उचल, प्रकाश हळूहळू तिथवर ने, मग पुढचा उचल. खालच्या टोकाला शून्य, म्हणजे पुरता अंधार, लिहिताना त्याला काहीच वाटलं नव्हतं. परीक्षेच्या नाहीतर लग्नाच्या नवसाचा दिवा क्षणभर गेला काय नि राहिला काय, कोण बघत बसतंय?

पण 'नुन्झियाता' वादळात बेपत्ता होऊन आज तीन दिवस झाले होते. मावशीचा एकुलता एक मीम्मो त्या बोटीवर होता, आणि कालोजेरोचा धाकटा भाऊ सारोही. सकाळी शोधाला गेलेलं हेलिकॉप्टर वाऱ्यापुढे हात टेकून माघारी आलं होतं. अशा दिवसांत या गावच्या बायका दिव्याकडे डोळ्यांत तेल घालून बघतात. त्यांच्या आज्याही बघायच्या. फरक इतकाच, की आज्यांपुढे मेणबत्ती होती आणि हिच्यापुढे कालोजेरोचा आकडा.

"मावशी, ते यंत्र आहे. आंधळेपणानं आकडा उचलतं. मीम्मोशी त्याचा काडीचा संबंध नाही."

"मग माझ्याच पोराचा का विझवला?"

कुणाचाही विझवला असता, हे खरं उत्तर होतं. ते तिच्या तोंडावर द्यायची त्याची छाती झाली नाही.

त्यानं लॅपटॉप आणला, मांडणीच्या मागे गुडघे टेकले आणि तार जोडली. "नवा प्रोग्रॅम भरताना सगळे दिवे एकदम जातील हं. घाबरू नका. डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटले की मला पाणी दिसतं," मावशी म्हणाली. "तू कर तुझं."

शून्य खोडून त्यानं ऐंशी लिहिलं. सगळे दिवे गेले. मावशीनं कठडा घट्ट धरला. त्यानं भराभर बटणं दाबली तसे ते पुन्हा लागले. वर चढायचे, खाली यायचे, पण ठरावीक उजेडाखाली एकही उतरेना.

"झालं. आता काही केल्या विझणार नाही."

मावशी बराच वेळ बघत राहिली. तिचा जीव भांड्यात पडेल असं त्याला वाटलं होतं. पण तिचं तोंड आणखीच उतरलं.

"विझणारच नाही?"

"नाही."

"तिकडे काही झालं तरी?"

कालोजेरोनं नजर पडद्यावरच्या ऐंशीवर वळवली.

"मग मी बघू काय?" तिचा आवाज चिरकला. "मघाशी विझला, मेले मी. पण परत लागला ना रे! तेवढंच होतं माझ्यापाशी. तेही काढून घेतलंस. कर आधीसारखं."

"उगाच जिवाला घोर लावून घ्याल, मावशी."

"घोर माझा आहे. कर म्हणते ना!"

त्याला संताप आला. तीन दिवस त्याच्याही डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि आपल्याच हातच्या खेळण्यापुढे ही बाई जीव टाकते हे त्याला सोसवेना. ऐंशी खोडून त्यानं शून्य लिहिलं. दिवे पुन्हा गेले. या वेळी मावशीनं त्याला बटणांना हात लावू दिला नाही. स्वतःच एकेक बटण दाबत ती बोटीवरच्यांची नावं घेऊ लागली. तानो. व्हिन्चे. कप्तान बाल्दो. मीम्मो. सगळी झाली तशी तिचं बोट हवेतच थांबलं.

"सारोचा कुठला?"

"मी लावला नाही."

"भाऊ समुद्रात, आणि तू दिवा लावला नाहीस? पाषाणा!"

"आत काय आहे ते मला ठाऊक आहे, मावशी. चार तारा नि एक चिप. तिच्यापुढे कसले हात जोडू?"

"हात जोड म्हणतंय कोण?" तिनं एका रिकाम्या दिव्याचं बटण दाबलं. "नुसता बघ."

सारोचा दिवा लागला. वर चढला, अर्ध्यावर आला, पुन्हा चढला. कालोजेरो उठून मावशीशेजारी उभा राहिला. मग दिवा उतरायला लागला आणि उतरत उतरत पार काळा झाला.

शून्यावर पोचलेल्या दिव्यानं दोन सेकंदांच्या आत पुढचा आकडा उचलायचा, ही ओळ कालोजेरोनं स्वतः लिहिली होती.

"एक," तो पुटपुटत मोजू लागला, आणि त्यानं मावशीचा हात घट्ट धरला.