चंद्राची कट्टी

"चंद्रानं पृथ्वीकडे पाठ फिरवायची नाही. कध्धीच नाही," मैदानावर चुन्यानं कक्षा आखत सर म्हणाले. आज पोरांना तारा, ग्रह आणि उपग्रह यांतला फरक कळलाच पाहिजे, असा त्यांनी पणच केला होता.

हर्षदानं कपाळाला हात लावला. ती चंद्र होती आणि पृथ्वी होती केतकी. दोघींची सोमवारपासून कट्टी होती, तीही दहावीपर्यंतची. आत्ता त्या पाचवीत होत्या.

शिट्टी वाजली. सूर्य झालेल्या पोराला ऊन सोसेना. त्यानं सावलीत जायची परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली. आईची ओढणी कमरेला बांधलेला धूमकेतू स्वतःच्याच शेपटीवर पाय पडून आपटला. केतकी गिरक्या घेत सूर्याभोवती निघाली आणि हर्षदा तिच्याभोवती खेकड्यासारखी आडवी पळू लागली. डोळे केतकीवर, ओठ घट्ट मिटलेले. मेलं तरी बोलायचं नाही!

तिसऱ्या फेरीला मैदानच तिरपं झालं. हर्षदा कोसळणार, तोच केतकीनं गिरकी सोडून तिचा दंड पकडला.

"अगं पृथ्वी, थांबलीस काय? सगळी जीवसृष्टी मरेल ना!" सर ओरडले.

"मरू दे," केतकी म्हणाली. "हिला चक्कर आलीय."

हे बोलणं सरांशी होतं, त्यामुळे कट्टी कायद्यानं शाबूत होती. हर्षदानं जरा विचार केला. मग मेलेल्या जीवसृष्टीच्या साक्षीनं तिनं बट्टीची दोन बोटं पुढे केली.