देखणं टूलकिट

बायकोची दृष्टी गेली आणि तिचं कथा लिहिणं थांबलं. तिला पुन्हा लिहिता यावं म्हणून प्रोग्रामर नवऱ्याने खास तिच्यासाठी एक प्रोग्राम करायला घेतला. तिच्या विंडोजवर, त्याच्या मॅकवर आणि लेकीच्या लिनक्सवर तो सारखाच चालायला हवा होता.

पण पडद्यावरच्या खिडक्या-बटणं कुठल्या टूलकिटने, म्हणजे तयार भागांच्या संचाने करायची, तिथेच घोडं पेंड खात होतं. एकाची बटणं जुनाट वाटली, दुसऱ्याची अक्षरं मॅकवर विस्कटली.

"बाबा, लग्नाला तरी एवढ्या मुली पाहिल्या होत्यास का?" लेक म्हणाली.

अखेर एक देखणं टूलकिट सापडलं. तिन्ही संगणकांवर प्रोग्राम हुबेहूब सारखा दिसू लागला.

त्याने हौसेने बायकोला संगणकापुढे बसवलं. एरवी ती टॅबची कळ दाबत जायची आणि संगणक एकेक बटण मोठ्याने वाचून दाखवायचा. तिने टॅब दाबला. पुन्हा दाबला. संगणक गप्पच. या टूलकिटची बटणं संगणकाच्या लेखी नुसती चित्रं होती, वाचता येण्याजोगे शब्द नव्हेत.

तिने चाचपडत नवऱ्याचा हात धरला.



"दिसायला मात्र छान असेल, नाही रे?"