विसाव्या दिवसाचं पान

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी संचिता म्हात्रेला तिची फाईल बघायला मिळाली. ठाण्यातल्या त्या मनोरुग्णालयात ती तीन वर्षांपूर्वी एकोणीस दिवस होती. आता मूल दत्तक घ्यायचं, तर तिथला डिस्चार्जचा कागद हवा होता.

"बघायचा तुमचा हक्कच आहे, ताई," रेकॉर्डच्या खिडकीतले पवार म्हणाले. "फक्त लवकर आटपा."

फाईल फारच जाड होती. एकोणिसाव्या दिवसाचं पान संपलं आणि विसावा दिवस सुरू झाला. पेशंट शांत, जेवण अर्धं. मग एकविसावा. डिस्चार्जचा कागद कुठेच नव्हता. रोजची नोंद आणि दर सोमवारी वजन, असं तीन वर्षं सलग होतं. कालचं वजन अठ्ठेचाळीस किलो.

"अहो, मी तर घरी असते! दुसऱ्या कुणाच्या नोंदी लावल्यात यात."

"नाव, फोटो जुळवूनच लावतो हो आम्ही."

शेवटी भेटीला येणाऱ्यांचं पान होतं. दर मंगळवारी एकच सही होती, देवेशची, तिच्या नवऱ्याची. खोपटच्या एसटी डेपोत ड्युटीला जाताना मंगळवारी तो दोन डबे मागून घेतो. एक मित्राला, म्हणतो.

"द्या ताई फाईल," पवारांनी हात पुढे केला. "वॉर्डात मागतायत. पेशंटचे मिस्टर आलेत."

संचिताने देवेशला फोन लावला. रिंग वॉर्डाच्या जाळीच्या दारामागे वाजली. फोन एका बाईने उचलला.

"संचिता बोलतेय," ती बाई म्हणाली. "हे हात धुवायला गेलेत."