महांतेशचं इष्टलिंग

"द्या इकडं," म्हणून मल्लिकार्जुन स्वामींनी हात पुढं केला. शांतव्वानं पदराखालची चांदीची डबी आणखी घट्ट धरली.

"अव्वा, दे की आता. एवढं समजावून आणलंय तुला घरातनं," शेजारी बसलेली तिची लेक शिवांजली म्हणाली.

डबीत महांतेशचं इष्टलिंग होतं. महांतेश म्हणजे शांतव्वाचा एकुलता एक मुलगा. लक्ष्मीपुरीतलं धान्याचं दुकान बघायचा. उन्हाळ्यात गाडी घसरल्याचं निमित्त झालं आणि गेला. लग्नाचं बघत होते त्याच्या. आता लिंगायताच्या घरात इष्टलिंग ज्याचं त्याचं असतं. दीक्षेला गळ्यात आलं की जन्मभर सांभाळायचं, आणि माणूस गेला की त्याला बसवून माती देताना तेच त्याच्या तळहातावर ठेवायचं. महांतेशच्या हातावर मात्र मठातनं आणलेलं नवंकोरं लिंग ठेवावं लागलं. त्याचं स्वतःचं ऐन वेळी सापडलंच नाही. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढताना उतरवलं असणार आणि तिथंच राहिलं असणार, असं सगळे धरून चालले.

आणि परवा कपाट आवरताना ते शिवांजलीला आईच्या लुगड्याच्या घडीत सापडलं. घरात जे काय व्हायचं ते झालं. शेवटी दोघी मठात आल्या.

स्वामी बोलायला गोड माणूस. त्यांनी घसा साफ केला. "शांतव्वा, महांतेश कुठं गेलेला न्हाई. तो लिंगैक्य झाला. शिवातनं आला, शिवात मिळाला. आता तो आणि लिंग वेगळे राहिले न्हाईत."

"मग त्येचं त्येला कशाला लागतंय?" शांतव्वा म्हणाली.

स्वामी जरा अडखळले. मठात असं उलटं कोणी विचारत नाही. "ते... रीत हाय आपली. समाधीपाशी उकरून ठेवतो मी, तुम्ही काळजी करू नका."

"रीत हाय तर रीत म्हणा की. ग्यान कशाला सांगतायसा?"

"अव्वा!" शिवांजली ओरडली. मग आवाज खाली आणून, मोबाइलवर ऐकलेल्या प्रवचनातलं तिनं आईला ऐकवलं, "सोडून द्यायला शिकायचं असतंय गं. त्याशिवाय माणूस पुढं जात न्हाई."

"मला कुठं जायचं हाय पुढं?"

शिवांजली भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. भाऊ तिचाही गेला होता, हे या सगळ्यात कोणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

स्वामी चांगले होते. म्हातारीला वाट काढून द्यावी म्हणून ते म्हणाले, "हे बघा, दवाखान्यात कुणीतरी तुमच्या हातात डबी दिली असंल. तुम्हाला शुद्ध कुठं होती? घाईगडबडीत राहून गेलं. त्यात तुमचा काय दोष न्हाई."

"शुद्ध होती."

शिवांजलीनं वळून बघितलं.

"सगळी शुद्ध होती मला," शांतव्वा म्हणाली. "उचलायच्या वक्ताला तुमीच दारातनं वरडलासा, लिंग कुठंय, पोराचं लिंग कुठंय. ऐकलं की मी. माझ्या पोलक्यात हुतं. हात बी गेला माझा तिथवर. पर तोंड उघडलं न्हाय. तुमी सगळाच न्हेत हुतासा त्येला. एवढं तरी माझ्याकडं ऱ्हाऊ दे म्हटलं."

बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "आता ताटावर बसलं की घास उतरत न्हाय स्वामी. परकं लिंग हातात घिऊन बसलाय त्यो तिथं. त्येला कळलं असंल का, आईनंच ठिवून घेतलंय म्हणून? मी त्येची वाट अडवली का? सांगा की. पाप हाय का ह्ये?"

पापावर स्वामींना तासभर बोलता आलं असतं. दर सोमवारी बोलतच होते. पण समोर ही बाई आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी, आणि तोंडात आलेलं एकेक वाक्य त्यांना आपलंच असून खोटं वाटायला लागलं. बाहेर कोणीतरी चपला काढून आत डोकावलं आणि तसंच मागं फिरलं.

शेवटी शांतव्वानंच पदराखालनं हात काढला. डबी स्वामींच्या तळहातावर ठेवली, पण बोटं काही उचलेनात.

"घ्या," ती म्हणाली. "त्येचं त्येला पोचवा. माझं काय, मी बघीन."

डबी गरम होती. स्वामींनी शांतव्वाकडं बघितलं. लिंग पूजेशिवाय ठेवू नये म्हणतात, म्हणून असेल, किंवा दुसरं काही बोलवेना म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "इतके दिवस ह्याची पूजा?"

"रोज करते की. एक दिस चुकला न्हाय."

"तुमच्या लिंगाची आणि ह्याची, दोन्ही?"

"व्हय."

"आधी कुणाची?"

"आधी माझी," शांतव्वानं डोळे पुसले. एवढं साधं स्वामींना कळू नये याचंच तिला नवल वाटलं. "त्यो उशिरा उठतोय की."