चौथी नळी

स्वतः बसवलेल्या प्रत्येक भागावर बाप कानशीने दोन रेघा मारायचा. तीन वर्षांपूर्वी लेकीने जुन्या मोटारीला टर्बो जोडला, इंधन फवारणारे चार सारखे इंजेक्टर बसवले. शर्यतीत चौथा पिस्टन वितळला. "पोरीचा हात लागला की इंजिनाचा मुडदाच पडणार," म्हणत बापाने गॅरेज धाकट्या मुलाच्या घशात घातलं. आज तोच धाकटा म्हणाला, "ताई, तुझ्या त्या टर्बोच्या गाडीला नवे इंजेक्टर कुठले घेऊ?" कोणता किती इंधन सोडतो ते मोजायला तिने जुने चारही इंजेक्टर काचेच्या नळ्यांवर चालवले. तीन नळ्या भरल्या, चौथी अर्धीच. तो इंजेक्टर छोट्या गाडीचा होता; इंधन कमी पडूनच चौथा पिस्टन तापून वितळला होता. त्यावर दोन रेघा. कानफटात बसल्यासारखी ती बापाकडे वळली. "बाबा, हा तुम्ही घातलात?" "मग? तू जिंकली असतीस तर धाकटा जन्मभर तुझे पाने-पकडी पुसत बसला असता." भावाला ती म्हणाली, "कानस दे. नव्या चारांवर आता माझी रेघ."