तीन थेंब

"बघ, तुझी विद्या कामी आली," आई निळ्या पिंपावर थाप मारत म्हणाली. "भंगारवाल्याकडे पिंपांची ही रांग. पण तुझे ते तीन थेंब या एकट्यावरच. चिनी पाणी! म्हटलं, हेच द्या."

लेक नुकतीच कामावरून आली होती. नोकरीसाठी ती चिनी अक्षरांचे तुकडे शिकत होती आणि संध्याकाळी भाजी निवडता निवडता आईला शिकवत होती. खांद्यावरची पर्स न काढताच ती पिंपापाशी बसली. वरचा कागद बराचसा खरवडला गेला होता. एकच अक्षर शाबूत होतं. डावीकडे पाण्याची खूण असलेले तीन थेंब, खरंच.

"आई, थेंबांनी नुसतं कुळ कळतं. काहीतरी पातळ, एवढंच. पुढचं उजवीकडे बघायचं."

"मग बघ की."

लेकीने बोट फिरवलं. वर आडव्या रेघांची उभी चौकट. "हे नाक." खाली हातपाय पसरलेला माणूस, खांद्यावर टिंब. "हा कुत्रा."

"पाण्यात कुत्र्याचं नाक?" आईला हसू आवरेना. "म्हणजे आपला साहेबच की!"

साहेब म्हणजे दारातला कुत्रा. फुकटचं खातो आणि कुणावर भुंकत नाही, म्हणून साहेब.

लेक हसली नाही. "नाक आणि कुत्रा मिळून दुर्गंध होतो, आई. हे पाण्याचं पिंप नाही. यात कसलंतरी रसायन होतं."

"साबणाने घासलंय मी चांगलं. कुठे येतोय वास?" पण आईचा आवाज उतरला होता. झाकण काढून दोघी वाकल्या. वास होता की नव्हता, कळेना.

"कुणी प्यायलं हे?"

"तुझ्या बाबांच्या उशाशी तांब्या भरून ठेवलाय. गोळी घ्यायची होती ना त्यांना. आणि…" आईने उंबऱ्याकडे पाहिलं.

बाहेर साहेबाचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं. उन्हातून आलेला साहेब जीभ लोंबवत, धापा टाकत भांड्याशी गेला. नाक खाली नेलं. तसंच धरलं. मग पाण्याला न शिवता एकेक पाऊल मागे सरकू लागला.

"अगं," आतून बाबांची हाक आली, "तांब्या रिकामा झाला."